मालवणला डाइव्ह: फोटो आले, पण प्राणी ओळखता येईना

मालवणला जाऊन पाण्याखालचे प्राणी नीट ओळखायचे असतील तर फोटोचं पॅकेज घेऊ नका. फोनवर साडेतीन हजार ठरले होते, फोटो धरून. जेटीवर फोटोंचे पंधराशे वेगळे निघाले आणि टॉर्चच्या भाड्याचे आणखी पाचशे. रागाने टॉर्च नाकारला. त्या रागाचीच किंमत पुढे मोजली.

सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांवर सहा-सात मीटर खोल उतरलो. दोनच दिवसांपूर्वी अमावास्या झालेली. उधाणाचं पाणी, सगळी वाळू उठलेली, हात लांब केला की बोटं अंधुक. त्या ओढीत एका जागी टिकायला सतत फिन मारावे लागत होते. अर्ध्या तासात मांड्या भरून आल्या, वर येईपर्यंत मी पार गळून गेलो होतो. उधाणात तिथे कॅमेरा घेऊन उतरू नका. भांगाचे दिवस धरा, अष्टमीच्या आसपासचे. ओढ कमी असते.

याच पाण्यात कपारीत तो दिसला. अंगठ्याएवढा, काळपट, कडा लहरत सरकणारा. गाइडने पाटीवर लिहिलं, 'नुडिब्रँक', म्हणजे बिनकवचाची समुद्री गोगलगाय, एक सी स्लग. होडीतही तो ठाम होता. मी हरखून गेलो.

घरी फोटो मोठा करून पाहिला. नुडिब्रँकच्या डोक्यावर दोन शिंगं असतात, आणि त्यातल्या डोरिड गटात पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा. इथे तुरा नाही, अंग कागदासारखं पातळ, आणि 'शिंगं' म्हणजे पुढच्या कडेचीच घडी. हा पॉलिक्लॅड गटातला चपटकृमी, म्हणजे गोगलगाय नव्हेच. पण पुढे कोणता? पॅकेजवाल्याचे अकरा फोटो, अकराही वरून, सगळे निळे. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात विरतो, त्यामुळे प्रकाश सोबत नसला तर नारिंगी कडसुद्धा मातकट येते. चपटकृमींची जात तर पुष्कळदा नुसत्या फोटोवरून ठरतच नाही. पातळ काप काढून आतले अवयव पाहावे लागतात. तेव्हा 'पॉलिक्लॅड' एवढंच लिहून थांबलो.

स्वतःचा टॉर्च न्या. प्रत्येक प्राण्याचे किमान तीन फोटो: वरून, बाजूने, आणि डोक्याचा जवळून. तो कशावर बसलाय तेही चौकटीत घ्या, कारण बरेच नुडिब्रँक ठरावीक स्पंजच खातात. खोली आणि अंदाजे लांबी वर येताच लिहून काढा. हात मात्र लावू नका: चपटकृमी धरला की फाटतो, आणि १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे.



शेवटच्या फोटोत कोपऱ्यात एक फुलासारखं वेटोळं आहे. मी ते स्पंज समजून सोडून दिलं होतं. ती सी स्लगच्या अंड्यांची फीत आहे. घालणारी तिथेच हातभर अंतरावर असू शकते, आणि मी तिकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.