पार्श्वभूमी गडद की उजळ : पक्षिछायाचित्रणातील माझा अनुभव

पक्ष्यामागची पार्श्वभूमी गडद ठेवायची की उजळ, हे मी आता जागेवर पोहोचल्यावर, कॅमेरा पिशवीतून बाहेर काढण्यापूर्वी ठरवते. ही सवय मला भिगवणने लावली. उजनी धरणाच्या पसरलेल्या पाण्यात पांढरेशुभ्र बगळे, काळे पाणकावळे आणि अंगावर दोन्ही रंग बाळगणारे शेकाटे व चित्रबलाक एकाच सकाळी दिसतात. शिवाय आपण नावेत असल्यामुळे पक्षी जागचा न हलताही त्याच्यामागचे दृश्य बदलता येते.

सुरुवात बगळ्यापासून झाली. काठावरच्या बाभळींच्या रांगेपुढे, उथळ पाण्यात एक बगळा उन्हात उभा होता. सूर्य आमच्या डाव्या हाताला, किंचित समोर होता, त्यामुळे झाडांची आमच्याकडची बाजू सावलीत होती. मात्र बगळ्यामागे नेमका उन्हाने उजळलेला मातीचा उतार येत होता. मी विचारले, “काका, नाव थोडी पुढे घेता का?” नावाडीकाका म्हणाले, “जवळ नको ताई, उडंल तो. आडवी घेतो.” नाव जेमतेम चार-पाच हात आडवी सरकली आणि उताराच्या जागी बाभळींची सावली आली. बगळा तोच, त्याच्यावरचे ऊनही तेच; पण आता पाठीवरचे एकेक पीस सुटे दिसू लागले.

अशा वेळी कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, कारण समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या रंगाइतके उजळ असावे, असे गृहीत धरून तो हिशोब करतो. चौकटीचा बहुतांश भाग सावलीचा असेल तर तो एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडणारा प्रकाश, वाढवतो आणि पांढरी पिसे जळतात, म्हणजे नुसता कोरा पांढरा डाग होतात. त्यांतला तपशील नंतर परत आणता येत नाही. म्हणून गडद पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या पक्ष्यासाठी मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबात हाताने केलेली घट-वाढ, उणे १ ते उणे १.७ स्टॉप ठेवत असे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पुढे मी मॅन्युअल मोडच पत्करला, म्हणजे एक्स्पोजर स्वतःच ठरवू लागले. नदी सुरय हा पाणपक्षी उडताना क्षणात झाडीपुढे येतो, क्षणात आभाळापुढे जातो. त्याच्या अंगावरचा प्रकाश तोच असतो, बदलते ती पार्श्वभूमी. ऑटो मोड त्या बदलामागे धावतो. मॅन्युअलमध्ये पक्ष्यावरच्या उन्हासाठी एकदा बेतलेले एक्स्पोजर तसेच राहते, आणि पार्श्वभूमीकडे केवळ रंग व आकार म्हणून पाहता येते.

पाणकावळ्याच्या बाबतीत सगळे उलटे करावे लागते. गडद झाडीपुढे त्याची आकृतीच हरवते, म्हणून त्याच्यामागे ढगाळ आभाळ किंवा आभाळाचे प्रतिबिंब पडलेले उघडे पाणी हवे. इथे कॉम्पेन्सेशन अधिक १.३ ते अधिक २ लागते, तेव्हा कुठे काळ्या पिसांवरची चमक दिसते. काहीजण मागचे आभाळ पूर्ण पांढरे होऊ देतात. मला ते पटत नाही, कारण त्या पांढऱ्यात चोचीची आणि पंखांच्या टोकांची कड विरून जाते. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला (पूर्ण पांढऱ्याच्या टोकाला) टेकण्याआधी मी थांबते.

खरी कसोटी लागली ती सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत, उन्हाळ्यात, स्वर्गीय नर्तकाच्या पांढऱ्या नरापुढे. त्याचे अंग आणि जवळजवळ ३० सेंटिमीटरपर्यंत लांब शेपटीच्या फिती दुधासारख्या पांढऱ्या, तर तुरेदार डोके निळसर काळे. मागे काळोखी झाडी असेल तर डोके त्यात मिसळते आणि निळ्या कड्याचा डोळा अधांतरी राहतो. मागे आभाळ असेल तर शेपटी नाहीशी होते. म्हणजे दोन्ही टोके बाद. मग मी पक्ष्याच्या मागे धावणे सोडले, तो पाण्यावर उतरण्यापूर्वी ज्या फांदीवर बसतो ती हेरली, आणि तिच्यामागे बरीच दूर, सावलीतली पण काळोखी नसलेली हिरवळ येईल अशी बैठक शोधली. ५०० मिलिमीटरच्या लेन्सवर, एफ/५.६ ॲपर्चरला (लेन्सच्या प्रकाशछिद्राच्या या मापाला), त्या हिरवळीचा सलग, मध्यम गडद पडदा झाला. त्यावर डोके आणि शेपटी दोन्ही उठून दिसली.

तरीही पानांतून झिरपणारे ऊन शेपटीवर पडले की पांढरा भाग जळत होता. ढग सूर्यावर येईपर्यंत मी थांबले. विखुरलेल्या प्रकाशात पांढरा आणि काळा यांतले अंतर सेन्सरला पेलण्याइतके कमी झाले. एक्स्पोजर शेपटीवर बेतले आणि डोक्याचा तपशील नंतर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) साधारण एक स्टॉप उजळून काढला. त्याच जातीचा तांबूस नर मात्र तपकिरी शेपटीमुळे फिक्या पार्श्वभूमीवरही सहज सामावतो.

पार्श्वभूमी मोकळी व्हावी म्हणून कोणी फांद्या तोडतात, कोणी पक्ष्याच्या बसण्याच्या जागेमागे काळे कापड टांगतात. हे दोन्ही मला मान्य नाही. फांदी हा त्याचा आडोसा आहे, आणि विणीच्या दिवसांत तर त्याला तो हवाच. संगणकावर मागचा भाग काळा रंगवणेही मी टाळते, कारण पिसांच्या कडांवर मूळच्या हिरवळीची झाक उरते आणि जाणत्या डोळ्याला ती खटकते.

राहिला छपाईचा प्रश्न. पडद्यावर मागून प्रकाश असतो, कागदावर तो नसतो. त्यामुळे पडद्यावर शोभणारी गडद पार्श्वभूमी चकाकी नसलेल्या मॅट कागदावर आणखी काळवंडते आणि सावलीतले बारकावे बुजतात. म्हणून छपाईची प्रत मी थोडी उजळ करून घेते आणि मोठ्या आकाराआधी एक लहान नमुना काढून तो खिडकीच्या उजेडात पाहते. उजळ पार्श्वभूमीच्या छायाचित्राला बारीक करडी चौकट देते, म्हणजे पांढऱ्या कागदावर त्याची हद्द कळते.