तुम्ही विचारलेत म्हणून : बालीत परके कसे वाटेल?

‘‘बाली तर हिंदूच आहे, मग तिथे तुम्हाला परके वाटतच नसेल, नाही का?’’ हा प्रश्न मला साताऱ्याच्या नातेवाइकांनी अनेकदा विचारला आहे, आणि इंडोनेशियाच्या बाली बेटावर मी राहते त्या उबुद गावी दर ऑक्टोबरात साहित्य महोत्सवासाठी येणारे मराठी पाहुणेही तो विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, म्हणून आजवर मी ‘छे, मुळीच नाही’ असे म्हणत आले. ते उत्तर खरे नव्हते. महोत्सवाला आता तीन आठवडे उरले आहेत आणि पाहुण्यांचे निरोप येऊ लागले आहेत, तेव्हा या वेळी आधीच नीट लिहून ठेवते.

पहिल्या वर्षी मलाही तुमच्यासारखेच वाटले होते. येथे रस्त्यांची नावे हनोमान, सुग्रीव, जंबावन आणि देवी सीता अशी आहेत. लोक भेटले की ‘ओम स्वस्त्यस्तु’ म्हणतात. तुम्पेक लांदेपच्या दिवशी हत्यारांची आणि मोटारसायकलींची पूजा होते, तेव्हा खंडेनवमीची आठवण आल्यावाचून राहत नाही. सरस्वतीचा दिवस दर २१० दिवसांनी येतो. त्या दिवशी पोथ्या आणि पुस्तके पूजेला मांडतात, आणि जुन्या रीतीची माणसे एक अक्षरही वाचत किंवा लिहीत नाहीत. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिच्यापुढे पुस्तके ठेवणाऱ्या घरात मी वाढले. मला हे सारे पाहून भरून आले होते. पत्रांमधून मी घरी तसेच कळवले, आणि तुमच्या मनातल्या या प्रश्नाला काही अंशी माझी ती पत्रेही कारण असावीत.

माझा समज बदलला तो पाडव्याला. बालीतले न्येपी हे शक वर्षाच्या आरंभाचे व्रत आहे, आणि तो शक आपलाच. २०२३ साली गुढीपाडवा आणि न्येपी एकाच दिवशी, २२ मार्चला आले. आपल्या पंचांगात शके १९४५ सुरू झाले, त्यांच्याही. मी आठवडाभर आधी बांबू आणून ठेवला होता, आईने दिलेले रेशमी वस्त्र बाहेर काढले होते, तांब्या घासून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी घरमालकीण आली. आम्ही तिला इबू म्हणतो; वडीलधाऱ्या बाईला येथे तसेच हाक मारण्याची पद्धत आहे. अंगणातला बांबू पाहून तिने तो कशासाठी आहे ते विचारले, शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाली, ‘‘उद्या नको. उद्या बेटावर कोणी नाही, असे दिसले पाहिजे.’’ दुसऱ्या दिवशी चोवीस तास विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. विमानतळसुद्धा बंद असतो, आणि गावाचे राखणदार पचालांग रस्त्याने फिरून कोठे उजेड दिसतो का ते पाहतात. जो दिवस आपण दारात उंच काठी उभारून सगळ्यांना दाखवतो, तोच दिवस ही माणसे स्वतःला लपवून पाळतात. गुंडाळलेले ते वस्त्र मांडीवर घेऊन मी अंधारात बसले होते. त्या रात्री मला जितके परके वाटले, तितके मी आधी राहिले त्या सिंगापुरात कधी वाटले नव्हते, कारण तेथे मी ओळखीची अपेक्षाच ठेवली नव्हती.

तेव्हापासून मी हळूहळू हे शिकत आले की येथे आपलेपण देवांच्या नावांवरून ठरत नाही. ते बंजारवरून ठरते. बंजार म्हणजे वाडीची पंचायत, भावकी आणि देवस्थान समिती यांचे सगळे काम एकत्र करणारी संस्था; विवाहित जोडपे तिचे सभासद होते, आणि देवळाचा उत्सव असो की शेजाऱ्याचा दहनविधी, तेथे हजर राहून हात चालवणे हे त्यांच्यावर बंधनकारक असते. देवासाठी केलेल्या अशा सेवेला ते ‘ङायाह’ म्हणतात. (आपल्या वर्णमालेतला ङ शब्दाच्या सुरुवातीला मला प्रथम येथे भेटला.) इबू पहाटे चारला उठून नारळाच्या कोवळ्या पानांचे द्रोण विणते, त्यांत फुले, तांदूळ आणि उदबत्ती ठेवून घरातल्या देवळापासून रस्त्याच्या कडेपर्यंत मांडते, त्यानंतर बंजारच्या कामाला जाते, त्यानंतर दुकान उघडते. पहिल्याच महिन्यात तिने मला विचारले होते, ‘‘तुमच्या घरचे देऊळ कुठे आहे? त्याचे काम सध्या कोण करते?’’ मी देवघर, कुलदैवत, जेजुरीची वारी असे पुष्कळ सांगितले. ती थांबून म्हणाली, ‘‘म्हणजे सध्या कोणी करत नाही.’’ तिच्या बोलण्यात दोष देणे नव्हते. तिला माझी काळजी वाटली होती.

उबुदमधल्या परदेशी रहिवाशांत एकमेकांची प्रतिष्ठा वर्षांवर मोजतात. भेट झाली की पहिला प्रश्न, ‘तुम्हाला किती वर्षे झाली?’ खरे पाहता कायद्याने आम्हांला जमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही, घर भाडेपट्ट्याने घ्यावे लागते आणि राहण्याचा परवाना पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो. तरीही गावाचा इतिहास आमच्यापैकी कोणीतरी आला तेव्हापासून सुरू झाला, असे बोलण्याची खोड आम्हांला आहे. जर्मन चित्रकार वाल्टर स्पीस १९२७ मध्ये बालीत स्थायिक झाला, पुढे उबुदलगतच्या चांपुहानला राहिला, आणि त्याच्यामुळे उबुद कलाकारांचे गाव झाले, ही कथा प्रत्येक नवागताला सांगितली जाते. परंतु १९३६ मध्ये ‘पिता महा’ हा चित्रकार-शिल्पकारांचा संघ स्थापन झाला तेव्हा स्पीस आणि डच चित्रकार रुडॉल्फ बोनेट यांच्याबरोबर उबुदच्या राजघराण्यातले चोकोर्दा गडे आगुंग सुकावती होते आणि बालीचेच शिल्पकार-चित्रकार इ गुस्ती ञोमान लेंपाडही होते. मुख्य रस्त्यालगत कमळांच्या तळ्यामागे सरस्वतीचे जे मंदिर पाहुणे डोळे भरून पाहतात, ते लेंपाड यांच्या हातचे आहे. त्यांचे नाव पाहुण्यांना आधी सांगावे, असे मला कळकळीने वाटते.

आता या महिन्याविषयी. ऑक्टोबर हा कोरड्या ऋतूचा शेवट. उकाडा असह्य होतो, पावसाची वाट पाहणे सुरू होते, आणि आपल्याकडे अक्षय्यतृतीयेला येणारा आंबा येथे दसऱ्याच्या सुमारास बाजारात दिसू लागतो. दसरा कोणाला ठाऊक नसतो. झेंडू मात्र ढिगाने मिळतो, कारण तो रोजच्या नैवेद्यात लागतो. मुक्कामाच्या खोल्या भरू लागतात, इंडोनेशियाच्या इतर बेटांवरून स्वयंसेवक म्हणून आलेली तरुण मुले दिसू लागतात, आणि आम्हा परदेशी लोकांचे बोलणे परवान्यांवरून कार्यक्रमपत्रिकेकडे वळते.

याच दिवसांत १२ ऑक्टोबर येतो. २००२ साली त्या रात्री बालीतल्याच कुटा येथे झालेल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसे मेली आणि बेटाचे उत्पन्नच थांबले. त्यातून सावरण्यासाठी, मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या आणि उबुदमध्ये संसार केलेल्या जेनेट डेनीफ यांनी २००४ मध्ये हा महोत्सव सुरू केला. मी त्यात स्वयंसेवक म्हणून काम केले आहे, आणि त्यावर माझे प्रेम आहे. पण तो ज्या गावात भरतो त्या गावाला पुष्कळ काही न बोलता सांभाळावे लागते, हेही मी शिकले. १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून मारल्या गेलेल्या बालीतल्या माणसांची संख्या अभ्यासक सुमारे ८०,००० धरतात. २०१५ मध्ये, त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, महोत्सवातली त्यावरची सत्रे अधिकाऱ्यांच्या दबावामुळे रद्द करावी लागली. हे मी एकदा इबूजवळ काढले. ती द्रोण विणत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘माझ्या आईला माहीत होते.’’ पुढे ती बोलली नाही, मीही विचारले नाही. देव एकच असले म्हणून त्या घराच्या दुःखावर माझा हक्क पोचत नाही.

तर होय, मला येथे परके वाटते, आणि त्याची मला आता लाज वाटत नाही. परके म्हणून नीट राहायचे ठरवल्यापासून मला दिसू आणि ऐकू अधिक येते. ताडपत्रावरची रामायणाची जुनी पोथी येथे अजून वाचतात. त्या प्रकाराला मबेबासन म्हणतात. एक जण कवी नावाच्या प्राचीन भाषेतले वृत्त गातो, आणि प्रत्येक चरणानंतर दुसरा त्याचा अर्थ आजच्या बाली भाषेत उलगडतो. हरिविजयाचे पारायण आणि त्यावरचे निरूपण ज्यांनी आजोळी ऐकले आहे, त्यांना ती बैठक लगेच समजेल. गेल्या महिन्यात इबूने मला प्रथमच बोलावले. मी मंडपाच्या कडेला, बायकांच्या मागे बसले होते. गाण्यातून ‘दशरथ’ आला, ‘गुण’ आला, ‘वेद’ आला, आणि मधले सगळे निसटले. तेव्हा इबूची नात माझ्याजवळ सरकून इंडोनेशियनमध्ये हळूच अर्थ सांगू लागली. पुढची बैठक महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात आहे. तुम्ही लवकर येणार असाल, तर मी तिला विचारून ठेवीन. येताना कमरेला बांधायला उपरणे आणा, आणि बसायला जागा मागची असेल.