सड्याखालचं पाणी

आज ग्रामसभेत सड्यावर, म्हणजे आमच्या कातळी पठारावर, होऊ घातलेल्या दोनशे फ्लॅट्सवर चर्चा झाली. 'तिथं नुसता कातळ आहे, शेत थोडंच बुडतंय?' असं एकजण म्हणाले, आणि मला गप्प बसवेना.

गोव्याचा सडा म्हणजे जांभा दगड, आणि जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं, तळाच्या चिकणमातीच्या थराशी अडतं आणि आडवं सरकत पायथ्याशी झर होऊन बाहेर येतं. आमची कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा), विहिरी, सगळं त्याच्यावर. वर काँक्रीट पडलं की पाऊस गटारात जाणार. शिवाय शेकडो घरांच्या बोअरवेल आणि सेप्टिक टँक त्याच दगडात! जांभ्यातून मैला फारसा गाळला न जाता विहिरीपर्यंत पोचू शकतो. पावसाळ्यात फुलणारी सीतेची आसवंही जातील, त्याचंही मला वाईट वाटतं.

घरं बांधायला माझा विरोध नाही. सड्यावर बांधायला आहे, आणि तो ठाम आहे.

२०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात आलेल्या ३९अ कलमाने जमिनीचा झोन, म्हणजे तिचा ठरवून दिलेला वापर, बदलता येतो, पण आधी हरकतींसाठी ३० दिवस द्यावे लागतात. माझी हरकत लिहून तयार आहे. मसुदा हवा असेल त्यांनी मेसेज करा.