शेजारी बसल्यावर सापडलेला ‘ऱ’

मुक्त सॉफ्टवेअरचे, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या संगणकप्रणालींचे, मराठीकरण करणारे आम्ही सात जण गेल्या डिसेंबरात नागपुरात, धरमपेठेतील एका सहकाऱ्याच्या घरी दिवसभर एकत्र बसलो. त्यापूर्वीची दोन वर्षे आमचे सारे काम पत्रव्यवहारावर चालले होते आणि एक प्रश्न काही केल्या सुटत नव्हता: ‘दऱ्या’ हा शब्द मजकुरात डोळ्यांना दिसत असूनही, शोधायला गेले की काही जणांना सापडत नसे. दोन्ही बाजूंनी पाठवलेल्या पडद्याच्या चित्रांत तो अगदी सारखाच दिसे, त्यामुळे बिघाड समोरच्याच्या संगणकात आहे असे प्रत्येकाला वाटे आणि पत्रांचा सूर कडवट होत गेला.

उलगडा झाला तो तर्री-पोह्यांच्या बशा बाजूला सारून मी एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या शेजारी बसलो तेव्हा. त्या इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबून थेट ‘ऱ’ उमटवत आणि त्याचा पाय मोडत. मी साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह घालत असे. पडद्यावर रूप एकच, पण युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या, दृष्टीने या दोन निरनिराळ्या मालिका आहेत; म्हणून एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला की सापडत नसे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेद मराठीला सोडता येत नाही, म्हणून आम्ही बाईंची पद्धत सर्वांसाठी ठरवली. त्याला वीस मिनिटे लागली. “तुम्ही कोणती कळ दाबता?” हे दोन वर्षांत कुणी विचारले नव्हते, कारण बोटांची सवय ज्याची त्यालाच जाणवत नाही.

प्रत्यक्ष भेटीची गरज मोठ्या प्रकल्पांनाही भासते. १९९३ साली सुरू झालेला, मुक्त सॉफ्टवेअरची संगणकप्रणाली घडवणारा डेबियन प्रकल्प इंटरनेटवरच वाढला, तरी २००० साली फ्रान्समधील बोर्दोला त्याची पहिली परिषद भरली आणि २०२३ मध्ये ती कोचीला आली. तेथे लोक एकमेकांची ओळखपत्रे प्रत्यक्ष पाहून एकमेकांच्या डिजिटल किल्ल्यांवर, म्हणजे इंटरनेटवर ओळख पटवणाऱ्या सांकेतिक खुणांवर, सही करतात, आणि नव्या विकासकाला प्रवेश देताना त्या सह्यांना महत्त्व असते. आमच्यात सहीची गरज नव्हती. मात्र बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि वह्या तपासाव्यात तशाच भाषांतरावर ‘चूक’ एवढेच लिहितात, हे त्या दिवशी कळले. तो शब्द आता मला टोचत नाही.

प्रवासखर्च ही खरी अडचण आहे. पुढची बैठक फेब्रुवारीत, उन्हे तापण्याआधी ठरली असून चंद्रपूरहून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या तिकिटाची वर्गणी आम्ही आताच जमवली आहे.