एसीएल बरोबर होती, अडवलं मास्कने

लिनक्स सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ग्रुपबाहेरच्या 'लेखा' या यूजरला लिहायची परवानगी द्यायची होती, ती एसीएलने, म्हणजे कुणाला काय करता येईल याच्या जादा यादीने. त्यासाठी वेगळा ग्रुप काढावा लागत नाही, 'सेटफॅकल -एम यू:लेखा:आरडब्ल्यूएक्स' आणि पुढे फोल्डरचं नाव, एवढं पुरतं (आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू लिहिणं, एक्स चालवणं किंवा फोल्डरमध्ये शिरणं). नव्या फाइलींनाही तेच मिळावं म्हणून हीच ओळ -डी लावून पुन्हा चालवायची. इथवर पाच मिनिटं.

दुसऱ्या सकाळी 'परमिशन डिनाइड'. एसीएल दाखवणाऱ्या गेटफॅकलमध्ये लेखापुढे आरडब्ल्यूएक्स स्पष्ट दिसत होतं. सेटफॅकल पुन्हा चालवलं की लिहिता यायचं, रात्र गेली की परत बंद. ती एकच ओळ मी कितीदा काढली आणि लावली! त्याच ओळीच्या उजव्या टोकाला 'इफेक्टिव्ह: आर--' असं छापलेलं होतं. आधी तिकडे बघा.

एसीएलमध्ये मास्क नावाची नोंद असते. नाव घेऊन जोडलेले यूजर, नाव घेऊन जोडलेले ग्रुप आणि फाइलचा मूळ ग्रुप यांना मास्कच्या पलीकडे काही मिळत नाही. मालक आणि 'अदर' यांना तो लागू नाही. आता खरी मेख: एसीएल असलेल्या फाइलवर चमॉड केलं (परवानग्या आकड्यांनी बदलल्या) की मधला आकडा ग्रुपऐवजी मास्कमध्ये जातो. फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस -एल' मध्ये परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसत असेल, तर ग्रुपच्या जागी दिसतो तोही मास्कच. दुसरीकडच्या फाइली इथे आणणारं रात्रीचं आरसिंक -ए लावून, म्हणजे परवानग्यांसकट, चालायचं आणि मूळ फाइलींचे ६४४ (मालकाला वाचणं-लिहिणं, बाकीच्यांना फक्त वाचणं) इथे बसवायचं. मास्क झाला आर--, लेखाची परवानगी कागदावरच राहिली. सेटफॅकल -एम मास्क नव्याने मोजतं, म्हणून दिवसभर सगळं ठीक वाटायचं. याच गोष्टीने मला सगळ्यात जास्त भरकटवलं.

उपाय: आरसिंकला '--नो-पर्म्स' (मूळच्या परवानग्या आणू नको) आणि '--चमॉड=यूजीओ=आरडब्ल्यूएक्स', यातला एक्स कॅपिटल. आधीच बिघडलेल्या फाइलींवर एकदा सेटफॅकल -एम, कॅपिटल आर लावून (आतल्या सगळ्यावर चालावं म्हणून), मास्कच्या 'एम::आरडब्ल्यूएक्स' ने. इथेही एक्स कॅपिटलच, नाहीतर साध्या मजकुराच्या फाइलीही एक्झिक्युटेबल होतात.

डीफॉल्ट एसीएल (-डी ने लावलेली) असलेल्या फोल्डरमध्ये यूमास्क, म्हणजे नव्या फाइलींच्या परवानग्या कापणारी सेटिंग, विचारातच घेतला जात नाही, त्यामुळे त्याच्याशी झटापट करू नका. ६४४ ची फाइल सीपी (कॉपी) केली तरी मास्क आर-- च येतो. त्याच डिस्कवर एमव्ही केलेली (हलवलेली) फाइल तर जुन्याच परवानग्या घेऊन येते, डीफॉल्ट तिला लागत नाही. वरच्या प्रत्येक फोल्डरवर लेखाला एक्स हवाच.

हे सगळं करण्याआधी 'गेटफॅकल', कॅपिटल आर लावून, एका फाइलीत साठवून ठेवा. बिघडलं तर त्याच फोल्डरमधून 'सेटफॅकल --रीस्टोर' चालवायचं. ही प्रत मी पहिल्या दिवशीच घ्यायला हवी होती.