‘अ’, ‘ॲन’, ‘द’ आणि माझी बँकेची परीक्षा

माझं शिक्षण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. बँकेच्या क्लार्क भरतीत पहिल्या वेळी मी पूर्व परीक्षेतच अडकले, तेही इंग्रजीत. ३० प्रश्न, २० मिनिटं, आणि उत्तर चुकलं की पाव गुण कापतात. इंग्रजीचा कटऑफ वेगळा असतो, त्यामुळे गणिताचे गुण कामी आले नाहीत. नंतर घरी सोडवलेल्या सराव पेपरांमधल्या चुका एकत्र काढल्या. अवघड शब्द मला येत होते. गुण जात होते ते ‘अ’, ‘ॲन’, ‘द’मध्ये आणि दिसायला सोप्या शब्दांत.

बेळगावला मी कन्नड माध्यमात शिकलेल्या एका मैत्रिणीबरोबर अभ्यासाला बसायचे. दोघींच्या चुका अगदी सारख्या. ‘ही इज टीचर’ हे दोघींनाही बरोबर वाटायचं. आपल्या ‘ते मास्तर आहेत’मध्ये ‘एक’ येत नाही, तिच्या ‘अवरु मेष्ट्रु’मध्येही ‘एक’साठी शब्द येत नाही. इंग्रजीत तिथं ‘अ’ लागतोच. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

‘ॲन’चा गोंधळ मात्र आपल्या लिपीनंच सोडवला. स्पेलिंग बघायचं नाही, शब्द देवनागरीत लिहायचा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. अवर (तास), ऑनेस्ट, एमएलए, एसएसएलसी (दहावीचं) सर्टिफिकेट यांना ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-रुपी कॉइन यांना ‘अ’. आपण उच्चार जसा तसा लिहितो, म्हणून हे जमतं. मला याचा फार आनंद झाला होता.

‘द’ला वेळ लागला. आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता. पुढच्या वाक्यात राजा शिकारीला जातो तेव्हा ‘एक’ गळून पडतो, कारण कुठला राजा ते ऐकणाऱ्याला कळलेलं असतं. तिथं इंग्रजीत ‘द’. नद्यांचं वेगळं पाठ केलं: द मलप्रभा, पण नुसतं कणकुंबी. नदीला ‘द’ लागतो, गावाला नाही.

सगळ्यात जास्त मी चुकले ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’मध्ये, ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’मध्ये. अर्थ विचारला की दोन्हीला ‘थोडं’ म्हणून मोकळी व्हायचे. एकदा आईनं घागरीत डोकावून म्हटलं, “थोडंच पाणी आहे गं.” आणि डोक्यात लख्ख झालं. ‘थोडंच’ म्हणजे पुरणार नाही, ते ‘लिटल’. ‘थोडंसं आहे’ म्हणजे भागेल, ते ‘अ लिटल’. मोजता येणाऱ्या वस्तू असल्या तर तसंच ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. आपला एक ‘च’ जे काम करतो, तेच इंग्रजीत ‘अ’ गाळून होतं. त्यानंतर हा प्रश्न माझा कधी चुकला नाही.

‘लेंड’ आणि ‘बॉरो’चंही तसंच. आपण उसने देतो आणि उसनेच घेतो. इंग्रजीत दोन्हीला वेगळे शब्द. बँक लेंड करते, शेतकरी बॉरो करतो, एवढं वाक्य पुरलं.

दुसऱ्या वेळी मी २३ प्रश्न सोडवले आणि सात कोरे ठेवले. पूर्व परीक्षा पास झाले. आता मुख्य परीक्षेची तयारी चालू आहे, आणि वहीत ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’चं पान उघडलंय.