बुटाच्या खोक्यातले आजोबा

३१ ऑक्टोबर, ग्वादलाहारा (मेक्सिको)

आज चित्रकलेच्या तासाला मदतीला पालकांनाही बोलावलं होतं. ‘दिया दे मुएर्तोस’, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढायचा इथला सण, जवळ आलाय. त्यासाठी मुलं ओफ्रेंदा करत होती, म्हणजे गेलेल्या माणसांसाठीची मांडणी, बुटाच्या खोक्यात. पातळ रंगीत कागदाला घड्या घालून कात्रीने नक्षी पाडायची, तो पापेल पिकादो. आपल्या पताकाच. काडेपेट्यांच्या पायऱ्या, बुचात पाणी (लांबून येणाऱ्याला तहान लागते), चिमूटभर मीठ आणि क्रेप कागदाचा झेंडू. इथे त्याला सेंपासूचिल म्हणतात. नाव नाहुआत्ल या इथल्या जुन्या भाषेतलं, अर्थ ‘वीस फूल’. झेंडू मूळचा इकडचाच. दसऱ्याला तोरणात ओवताना मी त्याला जन्मभर आपला समजत आले.

फोटोपाशी गाडी अडली. बाबांचा एकट्याचा फोटो घरात सापडला नव्हता, होता तो आईसोबतचा. आणि हयात माणसाचा फोटो यात ठेवत नाहीत. “आजीला कापू?” लेकाने कात्री उघडलीसुद्धा. मी एवढ्या जोरात “नको!” म्हटलं की अख्खा वर्ग बघायला लागला.

शेवटी आजोबा स्केचपेनने काढले. चष्मा, टक्कल, कानावर चार केस. “त्यांना काय आवडायचं?” तंबाखू ओठांवर आलं होतं, ते गिळलं. “कांदाभजी.” त्याने पिवळ्या मातीची पाच वळली. मी म्हटलं, पाचात काय होतंय त्यांचं. मग अकरा झाली.

मधल्या सुट्टीत पान दे मुएर्तो वाटला. स्पॅनिशमध्ये पान म्हणजे पाव, पण माझ्या कानाला ते सर्वपित्रीचं पानच ऐकू येतं. यावर हाडांसारख्या पट्ट्या, वरून साखर. कावळ्याची वाट न बघता सगळ्यांनी खाल्ला.

मैत्रिणीने लेकाला साखरेची कवटी दिली. कपाळावर त्याचंच नाव! पोटात गोळा आला माझ्या. इथे मित्रांना अशीच देतात, हे ठाऊक असूनही घरी आल्यावर दृष्ट काढली. तोवर साहेबांनी नावाची पहिली दोन अक्षरं चाटून संपवली होती.

१ तारीख गेलेल्या लहानग्यांची, २ तारीख मोठ्यांची. खोकं फ्रीजवर ठेवलंय. रात्री आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आवडेल की नाही, धाकधूक होती. तिने चष्मा लावला, फोन जवळ घेतला, बराच वेळ नुसती बघत राहिली.

“मिरची कुठंय रे? तळलेल्या मिरचीशिवाय हात नाही लावायचे ते.”

हिरवी माती संपलीय. उद्या आणायची.